तीन नंबरला बॅग कशी सापडायची

मी लग्नाला गेले तरी भिंतीला पाठ लावून बसते. कोण कुणाबरोबर आलं, कोण न जेवता निघालं, कुणाच्या हातातली पिशवी येताना जड होती आणि जाताना हलकी, हे मला आपोआप दिसतं. ठाण्यात पोलीस खात्यात तीस वर्षं काढल्यावर डोळ्यांना तेवढंच येतं. माझी सून म्हणते, "आई, तुम्ही पाहुण्यांकडे बघत नाही, त्यांची झडती घेता." खोटं नाही ते.

निवृत्त झाल्यावर डोंबिवलीच्या घरात मी जेमतेम चार महिने टिकले. सोसायटीतल्या निम्म्या लोकांवर माझा संशय बसला होता आणि उरलेल्या निम्म्यांना माझा कंटाळा आला होता. तेवढ्यात कोलशेतच्या एका कॉलेजातून बोलावणं आलं. सुरक्षा अधिकारी म्हणून या, आमच्या गार्डना शिकवून तयार करा, असं प्राचार्य म्हणाले. त्याला कारणही घडलं होतं. एका बाहेरच्या माणसाने लायब्ररीच्या दारात एका विद्यार्थिनीला चाकू दाखवला होता. मुलगी वाचली, ओरडल्यामुळे माणसं धावली. पण तो माणूस त्या सकाळी तीनदा गेटमधून आत-बाहेर झाला होता आणि तिन्ही वेळा गार्डने त्याला सलाम ठोकला होता. का, तर त्याचा शर्ट इस्त्रीचा होता.

हे ऐकून माझं डोकं फिरलं आणि मी हो म्हटलं.

गार्ड एका एजन्सीचे होते. टोपी, पट्टा आणि शिट्टी देऊन त्यांना उभं केलेलं, बाकी कुणी काही शिकवलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी एक नियम केला: ड्युटीवर नाव नाही, पॉइंट. पुढचं गेट एक नंबर, हॉस्टेलचं दोन नंबर, खाडीच्या बाजूचं मागचं गेट तीन नंबर. वॉकीटॉकीवर नाव घेतलं की बाहेरच्याला कळतं कोण कुठे आहे, असं मी त्यांना सांगितलं. ते खरंच आहे. पण त्याहून खरं म्हणजे मला नावं लक्षात ठेवायचा कंटाळा होता.

शनिवारी दुपारी ड्रॉइंग हॉल रिकामा असायचा, तिथे मी शिकवायचे. चेहरा बघू नका, कपडे बघू नका, सवय बघा. रोज घाईत जाणारा माणूस आज रेंगाळतोय का? रोज न बोलणारा आज गोड बोलतोय का? ज्याची सवय मोडली त्याच्यावर नजर ठेवा. तो कुठे बघतो यापेक्षा कुठे बघायचं टाळतो ते बघा. बेवारस वस्तू दिसली तर हात लावायचा नाही, ओरडायचं नाही, आसपासची माणसं लांब न्यायची आणि मला कळवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यावर संशय आहे त्याच्या बोलण्यावर विसंबायचं नाही. तो 'काही नाही, काही नाही' म्हणाला तरी तपास अर्धा सोडायचा नाही.

पहिले पंधरा दिवस नुसता गोंधळ. गार्डना आता जो तो संशयित दिसू लागला. फिजिक्सच्या सरांना त्यांच्याच प्रयोगाच्या तिपाईसकट अडवून ठेवलं. रजिस्टरमध्ये नोंदी येऊ लागल्या: "एक इसम झाडाखाली विनाकारण हसत होता." "एक मुलगी एकाच मुलाची दोन तास वाट बघत होती." उलट एक नंबरचा गार्ड गावातला, कॉलेजची जमीन मूळ त्याच्या भावकीची. त्याने एका माणसाला विनातपासणी आत सोडलं म्हणून मी झापलं, तर तो म्हणाला, "मॅडम, तो माजे मामाचा पोर हाय, त्याला काय इचारू?" त्याच्या मामांना पोरं किती, ते शेवटपर्यंत मला कळलं नाही.

तीन नंबरवर एक बाई होती. कळव्याच्या चाळीत राहणारी, चाळिशीची, अंगाने बारीक, गणवेश दोन माप मोठा. मुलीच्या जुन्या वहीतली कोरी पानं शिवून तिने वही केली होती आणि मी बोललेलं सगळं त्यात उतरवून घ्यायची. बाकीचे जांभया द्यायचे. मला तिचं कौतुक वाटायला हवं होतं. पण एखादा माणूस फार लक्ष देऊन ऐकायला लागला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, का?

मग मी ड्रिल सुरू केले. माझ्याकडे एक जुनी निळी रेक्झिनची बॅग होती. तिच्यात दोन विटा आणि एक गजराचं घड्याळ घालायचं, कॅम्पसमध्ये कुठेतरी ठेवायची आणि ती कुणाला किती वेळात सापडते ते बघायचं. दिवस फक्त मला आणि ऑफिसच्या शिपायाला माहीत, कारण बॅग नेऊन ठेवायचा तो. त्या दिवशी मी मुद्दाम लवकर यायचे. कुणाला शंका येऊ नये म्हणून पुढच्या गेटपासून मागच्या गेटपर्यंत पायी फिरायचे, प्रत्येकाशी दोन शब्द बोलायचे, घरचं विचारायचे, आणि मग केबिनमध्ये येऊन घड्याळ लावून बसायचे.

पहिल्या ड्रिलला बॅग कॅन्टीनच्या मागे पाण्याच्या टाकीखाली होती. मला वाटलं, दुपार होईल. वीस मिनिटांत वॉकीटॉकी बोलला, "तीन नंबर बोलतेय. टाकीखाली निळी बॅग आहे. मुलांना बाजूला केलंय. हात लावलेला नाही."

मी खूश झाले. खोटं कशाला बोलू, प्राचार्यांसमोर मी जरा मिरवलंसुद्धा.

दुसऱ्या ड्रिलला बॅग सायकल स्टँडवर, जुन्या टायरांच्या ढिगात. पुन्हा तीन नंबर, पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं. आपली जागा दुसऱ्या गार्डच्या ताब्यात देऊन ती फेरीला निघाली आणि बॅगेपर्यंत पोचली. बाकीच्या दिवशी ती कधी फेरीला निघायची नाही.

तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. पोलिसात एक पद्धत आहे, पहिली खबर जो देतो त्यालाच आधी बसवून ठेवतात. चोरीचा माल ज्याला पटकन सापडतो त्याला विचारायचं असतं, तुला कसा सापडला? ही बाई चार महिन्यांपूर्वी शिट्टी कुठल्या हाताने धरायची ते शिकली आणि आता ती आमच्या श्वानपथकाच्या वरताण? कुठेतरी पाणी मुरत होतं.

पहिला संशय शिपायावर. तो कळव्याचाच. मी त्याला बोलावून सांगितलं, उद्या बॅग जिमखान्याच्या मागे ठेव. त्याने ठेवली. तो गेल्यावर मी स्वतः ती उचलली आणि लायब्ररीच्या जिन्याखाली नेऊन ठेवली. मग माझी फेरी मारली, सगळ्यांची विचारपूस केली आणि वाट बघत बसले. ती जिमखान्याकडे गेली असती तर दोघांनाही धरणार होते. ती जिमखान्याकडे फिरकलीही नाही. सरळ लायब्ररीच्या बाजूला गेली आणि जिना गाठला.

म्हणजे शिपाई सुटला आणि माझा संशय दुप्पट झाला. चौथ्या वेळी मी शिपायालाही सांगितलं नाही. तरी तेच.

मी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढून बसले. चारही दिवसांचं, तीन नंबरच्या गेटचं. ती फोनवर बोलत नव्हती. कुणी तिला चिठ्ठी दिली नाही, खूण केली नाही. शिपाई तिकडे आलाच नाही. मी सकाळी तिच्याशी बोलताना दिसत होते, ती मान हलवून काहीतरी सांगत होती. तो भाग मी दर वेळी पुढे पळवला, कारण त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. मी गेल्यावर ती वही काढायची, एक नजर टाकायची आणि निघायची. त्या वहीवर माझं डोकं अडकलं. त्यात कोण काय लिहून देतंय?

एका शनिवारी वर्ग सुटल्यावर मी ती वही मागून घेतली आणि पानन् पान तपासलं. माझीच वाक्यं, तिच्या टपोऱ्या अक्षरात. मधे एके ठिकाणी औषधांच्या वेळा लिहिल्या होत्या. तिच्या डोळ्यांत भीती दिसली आणि मला तेवढं पुरलं.

पुरावा काहीच नव्हता. खात्यात असते तर साहेबांनी मला हाकलून दिलं असतं. पण इथे मीच साहेब होते. मी लिहून दिलं: "तीन नंबर पॉइंटवरील महिला गार्डला ड्रिलची माहिती आगाऊ मिळते असा दाट संशय आहे. शैक्षणिक परिसरात ठेवणे योग्य नाही." एजन्सीच्या डोंबिवली ऑफिसातल्या सुपरवायझरने फोनवर एक मिनिटही घेतलं नाही. "नो प्रॉब्लेम मॅडम. उद्यापासून दुसरी पाठवतो. हिला भिवंडी रोडच्या गोदामावर टाकतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती केबिनमध्ये शिट्टी, पट्टा आणि ओळखपत्र जमा करायला आली. टेबलावर तिन्ही वस्तू एका ओळीत ठेवल्या. रडारड नाही, आरडाओरडा नाही. मला रडारड परवडते, शांत माणसांची मला जास्त शंका येते.

"मॅडम, एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "गोदामावर आठ ते आठ ड्युटी आहे. इथे मी तीनला सुटते. मला कुठेपण टाका, मागच्या गेटला नको असेल तर नको, पण तीनला सुटणारी द्यायला सांगाल का? माझ्या पोरीचं तुम्हाला माहितीच आहे."

"काय माहिती आहे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तिला फिट येते ना. साडेतीनला शाळेतून येते, तेव्हा घरात कोणीतरी लागतं. मिस्टर टेंपोवर असतात, चार-चार दिवस बाहेर. मी सांगितलेलं तुम्हाला. चार वेळा विचारलंत तुम्ही, चार वेळा सांगितलं मी."

मला काहीच आठवत नव्हतं. तिचे ओठ हलताना मी बघितले होते, कॅमेऱ्यातसुद्धा बघितले होते. ऐकलं मात्र काही नव्हतं, कारण प्रत्येक वेळी माझं सगळं लक्ष बॅगेवर होतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडते, तशी चिडले.

"ते बघू नंतर. आधी हे सांग, तुला बॅगेची बातमी कोण द्यायचं? आता ड्युटी गेलीच आहे, खरं बोलायला हरकत नाही."

"तुम्हीच द्यायच्या."

मी खुर्चीत सरळ झाले. "तोंड सांभाळून बोल."

"खरंच, मॅडम." तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, धडा म्हणून दाखवावा तसं ती बोलत होती. "रोज तुम्ही रिक्षातून उतरता आणि सरळ आत जाता. आमच्याकडे बघतपण नाही. राग नाही त्याचा, मोठ्या माणसांना टाइम नसतो. पण बॅगेच्या दिवशी तुम्ही चालत मागपर्यंत येता. जेवलीस का, पोरगी कशी आहे, सगळं विचारता. पहिल्यांदा मला कळलं नाही. तुम्ही गेल्यावर वही बघितली, सवय मोडली की बघा, असं लिहिलेलं. म्हटलं बघू तरी. दुसऱ्या वेळी पक्कं झालं. आज आहे, म्हणून निघायचे."

"आणि जागा?"

"बोलताना तुम्ही एका बाजूला पाठ करून उभ्या राहता. टाकीच्या वेळी टाकीकडे पाठ, लायब्ररीच्या वेळी लायब्ररीकडे. एकदापण मागे बघत नाही. माणूस बोलता बोलता इकडेतिकडे बघतोच की, मॅडम. कुठे बघायचं टाळतो ते बघा, हेपण तुम्हीच सांगितलेलं. मग काय, त्या बाजूला चालायचं आणि कोपरे बघत जायचे."

तीस वर्षं मी लोकांचे हावभाव वाचले. सराईत पाकीटमारांना त्यांच्या चालीवरून ओळखलं. आणि या बाईने चार सकाळींत मला वाचून काढलं होतं, तेही माझ्याच शिकवणीवर. तिच्याइतका चांगला गार्ड मला खात्यातही क्वचित भेटला होता, आणि मी तिला गोदामावर घालवलं होतं.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?" मी विचारलं. "मला कळलं असतं तर ही वेळ आली नसती."

तिने पट्ट्याची सुरळी उगाच नीट केली. "बोलले असते तर तुम्ही पोरीचं विचारायचं बंद केलं असतं," ती म्हणाली. "खोटं खोटं का होईना, दुसरं कोण विचारत होतं?"

ती गेल्या गेल्या मी सुपरवायझरला फोन लावला. तो म्हणाला, ऑर्डर निघाली, गोदामवाल्याला माणूस पाहिजेच होता, महिना भरू द्या. मी आवाज चढवला, तर म्हणाला, "मॅडम, दाट संशय तुम्हीच लिहिलेलं ना?" दुसऱ्या दिवशी मी त्याच्या ऑफिसात जाऊन बसले. चहा नाकारला. "माझा आधीचा अहवाल चुकीचा होता, चूक माझी आहे," असं लिहून सही करून दिलं. अख्ख्या नोकरीत असं वाक्य माझ्या हातून कधी लिहिलं गेलं नव्हतं. तरी ती परत यायला सोळा दिवस लागले. रोज फोन करून मी त्या माणसाला भंडावून सोडलं, पण सोळा दिवस ते सोळा दिवस.

अकराव्या दिवशी तिची पोरगी शाळेतून आली, कुलूप उघडता उघडता तिला फिट आली आणि ती उंबऱ्यावर आपटली. शेजारच्या बाईंनी भांडं पडल्यासारखा आवाज ऐकला म्हणून त्या धावल्या. भुवईच्या वर सात टाके पडले. हे मला तिने सांगितलं नाही, शिपायाने सांगितलं. ती परत आल्यावर मी तिच्यासमोर गेले, काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण निम्म्यात अडखळले. "असू दे, मॅडम," ती म्हणाली आणि रजिस्टर उघडून बसली. तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन जेवले असते.

पुढच्या शनिवारी मी तिला वर्गासमोर उभं केलं. म्हटलं, तू कसं ओळखलंस ते सगळ्यांना सांग. आधी लाजली, मग नीट सांगितलं. शेवटी म्हणाली, "म्हणजे मॅडमनी घरचं विचारलं की बॅग शोधायची." सगळा हॉल हसला. मीही हसले.

त्या आठवड्यात मी एक ठरवलं. वही घेतली आणि नावं लिहून काढली. एक नंबर, दोन नंबर नाही. नावं, पोरांची नावं, कुणाची आई आजारी, कुणाचं घर गळतं. पाठ केली. सोमवारी रिक्षा बाहेरच सोडली आणि पुढच्या गेटपासून चालत निघाले. बॅग माझ्या केबिनमध्ये कपाटात होती, कुलूप लावून. एक नंबरला त्याच्या आईच्या गुडघ्यांबद्दल विचारलं, तो चमकून "बरे हाईत" म्हणाला. दोन नंबरला विचारलं. मग मागच्या गेटला आले.

"पोरगी कशी आहे?" मी विचारलं. "टाके काढले का? दुखतं अजून?"

"काढले, मॅडम," ती म्हणाली, पण नजर माझ्यावर नव्हती. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. माझी पाठ वर्कशॉपच्या शेडकडे होती. तिने हळूच वॉकीटॉकी तोंडाशी नेला. "तीन नंबर बोलतेय. आज आहे. वर्कशॉपची बाजू."

"अगं, आज बॅग नाही," मी म्हणाले. "मी खरंच विचारतेय."

"हो मॅडम," ती अदबीने म्हणाली आणि शेडच्या दिशेने चालू लागली. पुढून एक नंबर येत होता, हॉस्टेलकडून दोन नंबर. दोघांनी मुलांना शेडपासून लांब केलं. मी पुन्हा ओरडून सांगितलं, बॅग नाहीये. कुणी मागे वळून बघितलं नाही. अकरा वाजेपर्यंत ते पत्र्यांच्या मागे, ड्रमच्या खाली, गटाराच्या जाळीत शोधत राहिले. बरोबरच करत होते. मी तसंच शिकवलं होतं. पोरीला अजून दुखतं का, ते मात्र मला त्या दिवशी कळलं नाही.